बायांनी झेललं तर कार्ड पास

खोली भाड्याने देण्याआधी शेठनी मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं होतं.

"आता पुरा नाव सांगा. मंग गाव, मंग काम."

मी सांगितलं. ते माझ्या पाठीमागे खुर्चीत बसून ऐकत होते. कंपनीचं पत्र, जुन्या घरमालकाचा दाखला, सगळं मी पिशवीत घालून नेलं होतं, त्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. माझा घसा बसला होता. "माफ करा, जरा सर्दी झालीय," असं मी भिंतीला म्हणालो, तसं मागून हसू ऐकू आलं.

"चालंल यो भाडोत्री. भांडनार नाय. पन माफी लई मागतो."

ते खरं होतं आणि अजूनही खरं आहे. कुणाचंही काही बिघडलं की त्यात आपला हात असणार, असं मला आधी वाटतं. बस उशिरा आली तरी मी मागच्या माणसाकडे ओशाळून बघतो. आता पन्नाशी आली तरी स्वभाव गेलेला नाही. त्या घरात आम्ही नवराबायको राहिलो त्या वर्षांत शेठनी या गोष्टीवरून माझी जितकी थट्टा केली, तितकी कुणीच केली नाही. आणि तितक्या मायेनेही कुणी केली नाही.

घर नवीन पनवेलच्या सेक्टरांना लागून असलेल्या गावठाणात होतं. शेठची शेती आणि मिठागरं केव्हाच सरकारी भूसंपादनात गेलेली. आलेल्या पैशातून त्यांनी तीन मजले चढवले, वरचे दोन भाड्याने दिले, आणि स्वतः खाली गेटाजवळ प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून राहिले. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, गळ्यात जाड साखळी, पायात मात्र रबरी चप्पल. दिवसभर ते काय करतात, असा मला सुरुवातीला प्रश्न पडायचा. ते ऐकायचे. जिन्यावरच्या पावलांवरून कोण आलं ते न बघता सांगायचे. मी कामावरून आलो की, "आज साहेबानी झापलेला दिसतोय," म्हणायचे आणि ते बरोबर निघायचं. एकदा म्हणाले, "तुमच्या बायकोचा आवाज दोन दिस बारीक हाय. माहेरची आठवन येते तिला. धाडा." मी धाडलं.

काहीही विकत घ्यायचं तर त्यांचा एकच शब्द असे, "ऐकू दे." मिक्सर घ्यायला गेले तर दुकानदाराला सगळे मिक्सर रिकामे चालवून दाखवायला लावले. पंखा तसाच, पाण्याची मोटार तशीच. कुकर घेताना त्यांनी दुकानात पाणी घालून शिट्टी करून मागितली होती आणि दुकानदाराने हात जोडून त्यांना चहा पाजला होता. शेठाणी सांगायच्या, "मना बगायला आले तवा पन आतूनच बोलायला लावलानी. तोंड लगनात बगला."

त्यांच्या कानाचा गावात लौकिक होता. लोक मोटारसायकल घेण्याआधी ती त्यांच्या गेटासमोर आणून चालू करायचे.

धाकटी मुलगी स्नेहल कॉलेजात होती, तिच्यासाठी घरात कॉम्प्युटर आला आणि शेठच्या आयुष्यात नवा विषय आला. मी एका क्लिअरिंग एजंटकडे कॉम्प्युटरवर बिलं भरायचो. शेठ मला 'इंजिनेर' म्हणत. मी एकदोनदा सांगून पाहिलं की मी इंजिनियर नाही.

"कंपुटरवर बसता ना?"

"बसतो."

"मंग झाला."

एका रविवारी त्यांनी मला खाली बोलावलं. कॉम्प्युटरवर गाणं लावलं होतं. शेठ डोळे मिटून बसले होते. "माउस हलवा," म्हणाले. मी हलवला. गाण्याच्या आतून चिरचिर असा बारीक आवाज आला. "आता थांबा." चिरचिर थांबली. "बगा! उंदीर हलतो तसा गान्यात चरतो. याला औषध काय?"

औषध होतं. मदरबोर्डावरच्या फुकटातल्या साउंडऐवजी वेगळं साउंड कार्ड बसवायचं. मी ते सांगितलं आणि त्या दिवसापासून त्या शोधात अडकलो.

हा शोध नुसत्या हौसेचा नव्हता, हे मला दुसऱ्या रविवारी कळलं. स्नेहलचं लग्न ठरलं होतं, आणि लग्नात धवला हवा होता.

मी घाटावरचा, मला धवला माहीत नव्हता. शेठनी समजावलं. त्यांच्याकडे जुन्या रीतीत लग्न भटजी लावत नाही, धवलारीण लावते. म्हातारी बाई, बहुतेक विधवाच. ती प्रत्येक विधी गाण्यातून सांगते, आणि बाकीच्या बाया तिची ओळ झेलतात, म्हणजे मागून तशीच म्हणतात. नवरी कोण, बाप कोण, हळद कुणी कुटायची, पाणी कुणी आणायचं, सगळी नावं त्यात येतात. "तिनी नाव घेतला आनी बायांनी झेलला, की त्यो हुकूम," शेठ म्हणाले. "मंग बापाला पन मोरता येत नाय."

आणि पंचक्रोशीतली सगळ्यात नावाजलेली धवलारीण होती शेठची मोठी बहीण. आक्का. शिरढोणला मुलाकडे राहायची. पण आक्काने धवला सोडला होता.

कारण घरातच होतं. थोरली मुलगी वनिता. तिचं लग्न आक्काने लावलं होतं, आणि ते टिकलं नाही. नवरा मारायचा. दोन वर्षांत वनिता घरी परत आली, मग सोडचिठ्ठी झाली. आता ती वरच्या गच्चीवरच्या खोलीत मुलांच्या शिकवण्या घ्यायची. कमी बोलायची. लोक मात्र बोलले. आक्काचा धवला कुठेतरी चुकला, एखादं नाव सुटलं, एखादी ओळ उलटी पडली, म्हणून पोरीचं असं झालं. ते आक्काच्या कानावर गेलं. त्यानंतर तिने कुणाच्याच लग्नात तोंड उघडलं नाही.

"ती गानार नाय," शेठ म्हणाले. "पाया परलो, तरी नाय. पन तिची कॅसेट हाय माझ्याकरं. ती वाजवायची. पन अशी वाजली पायजे की बायांना वाटंल आक्काच बसलेय समोर. तवाच त्या झेलतील. झेलला नाय तर धवला नाय, नुसता गाना."

"कॅसेट कुणाच्या लग्नातली?"

"वनीच्याच. दुसरी नाय."

"मग त्यात नाव..."

"नावाच्या जागंला वाजंत्री हाय. काय पन ऐकू येत नाय. तिथं बाया स्नेहलचा नाव घालतील. मी लाख वेला ऐकलाय, तुमी नका काळजी करू. माफी पन नका मागू."

मी मागणारच होतो.

मग त्यांनी कार्डाची परीक्षा ठरवली. लग्नाचे तांदूळ निवडायला आळीतल्या बाया दुपारी ओटीवर जमायच्या. त्यांना काही सांगायचं नाही. धवला लावायचा आणि बघायचं. बाया गप्पा मारत राहिल्या तर कार्ड नापास. बायांनी झेललं तर पास. मी इंटरनेटवर रात्रंदिवस आकडे वाचत होतो, चोवीस बिट, अमुक डेसिबल, आणि या माणसाची मोजपट्टी ही होती. आज विचार करतो तेव्हा वाटतं, मी वाचलेल्या कुठल्याच परीक्षणात इतका सरळ प्रश्न विचारलेला नव्हता.

मदरबोर्डाचा आवाज पहिल्या दुपारीच नापास झाला. बायांनी डोकंही वर केलं नाही. एकीने फक्त विचारलं, "शेठ, मासं तलतंय का कोन आत?"

मग आम्ही शेठच्या जीपमधून मुंबईला, लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात गेलो. काउंटरवरच्या पोराने सगळ्यात मोठा खोका पुढे केला.

"अंकल, गेमिंग के लिए?"

"नाय. धवल्यासाठी."

पोराने माझ्याकडे पाहिलं. "वो कौनसा गेम है?"

मी समजावू लागलो तोवर शेठ खूश झाले होते, कारण पोराने त्यांना पाच स्पीकरांच्या मधोमध बसवून हेलिकॉप्टर डोक्यावरून फिरवलं होतं. मी म्हणालो, "शेठ, संगीताला हे नको. आपल्याला दोनच बाजू लागतात, पण स्वच्छ." त्यांनी ऐकलं नाही. कार्ड आलं, पाच स्पीकर ओटीच्या कोपऱ्यांत लागले. धवला सुरू झाला आणि कोपऱ्यातली एक म्हातारी दचकून मागे वळली. "माझे मागं कोन बोलतंय गो? पुरं येऊन बस ना, आमी काय खातो तुला?" बाया हसून हसून लोळल्या. शेठही हसले, पण मग खुर्चीत बसून राहिले.

"आक्का कवा पाठीमागून गायली नाय," एवढंच म्हणाले.

आता माझी पाळी होती. मी बरेच दिवस शोधून एक साधं दिसणारं कार्ड निवडलं. त्यावर गेमचं काही नव्हतं. दोन वाटा बाहेर, दोन आत. मी शेठना सांगितलं की आतली वाटही महत्त्वाची आहे. आधी आपण कॅसेट माइकच्या भोकातून भरली, तिथे डावंउजवं एकात कालवलं जातं. तुमचा टेपही एका स्पीकरचा. पण तुम्हीच सांगितलंत, लग्नात रेकॉर्डिंग केलं ते दोन माइकच्या टेपवर. मी ऑफिसातल्या मित्राचा चांगला डेक आणतो, कॅसेट नव्याने भरू. खरखर खाली जाईल, आणि खरखरीखाली जे दबलंय ते वर येईल.

"येऊ दे," शेठ म्हणाले.

ते वाक्य मीच बोललो होतो: जे दबलंय ते वर येईल. आणि नावाच्या जागी वाजंत्री आहे, हेही मला माहीत होतं. दोन्ही गोष्टी माझ्याच डोक्यात होत्या आणि त्यांची एकमेकींशी गाठ पडली नाही. मी भरताना हेडफोन लावून नुसती सुरुवात ऐकली, आवाज इतका नितळ होता की मला हसू आलं, आणि मी फाइल तशीच ठेवून दिली.

नव्या कार्डाच्या परीक्षेच्या दुपारी आक्काही होती. लग्नाच्या तयारीला दोन दिवस राहायला आली होती आणि भिंतीला टेकून सुपात तांदूळ पाखडत होती. मला वाटतं शेठनी मुद्दामच तो दिवस धरला. मी आत कॉम्प्युटरपाशी, शेठ दाराच्या चौकटीत. त्यांनी मान हलवली आणि मी सुरू केलं.

आवाज आला आणि ओटी गप्प झाली. स्पीकर दिसत होते, तरी बायांनी आधी आक्काकडेच पाहिलं. ती तोंड मिटून होती. तिचा आवाज उजव्या कोपऱ्यातून येत होता, भरदार, किंचित अनुनासिक, ओळीच्या शेवटी खाली उतरणारा. पहिली ओळ तशीच गेली. दुसऱ्या ओळीला एक म्हातारी पुटपुटली. तिसरीला चौघींनी धरलं. चौथीला सगळ्यांनी झेललं. सुपं थांबली होती. शेठनी माझ्याकडे वळून पाहिलं. त्यांचा चेहरा तसा मी कधी पाहिला नव्हता.

मग वाजंत्री आली. पण ती डावीकडे आली, बाजूला, जणू अंगणात कुणी वाजवतंय. आणि उजवीकडून आक्काने स्वच्छ विचारलं,

"मांडवी बसली नवरी कोन गो?
नवरी आमची वनिता बाय गो."

बाया लयीत होत्या. त्यांनी झेललं. एका सुरात, मोठ्याने, "नवरी आमची वनिता बाय गो!"

वनिता चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

मी माउस शोधत होतो. तो हाताखालीच होता. "माफ करा, माफ करा," असं मी बहुधा मोठ्याने म्हणत होतो. शेवटी मी स्पीकरची वायरच ओढली.

आक्का भिंतीकडे वळून बसली. "आजून तोच आवाज," ती म्हणाली. "बाल्या, कशाला लावलास? आजून माझाच आवाज पोरीला मारतोय."

सगळ्या गावाचा शेठ तिच्यासाठी बाल्या होता. ते चौकटीतून हलले नाहीत.

"तुझा आवाज नाय, आक्का."

"मंग कोनाचा?"

"त्याचा. त्यो बगायला आला तवा मी त्याला भिंतीकरं तोंड करून बोलायला लावला. घंटेसारखा आवाज. मी तिथंच होकार दिला. वनी रातच्याला माझेकरं आली. बोलली, बाबा, त्यो हसतो ना, तवा मना भ्या वाटतं. मी बोललो, तुला काय कलतंय आवाजातला." त्यांनी स्वतःचा कान दोन बोटांत धरला, शाळेत मास्तर धरतात तसा. "तुझा धवला सरळ व्हता. यो चुकला."

आक्काने हळूहळू तोंड वळवलं.

"आनी लोका मना बोलत व्हती, तवा तू कुठं व्हतास?"

"इथंच. खुर्चीवर."

"ऐकत व्हतास?"

"ऐकत व्हतो."

आक्का उठली. मांडीवरचे तांदूळ ओटीभर सांडले. मला वाटलं आता ती भावाला काही बोलेल, पण तिने वनिताच्या हातून ट्रे घेतला, खाली ठेवला आणि म्हणाली, "तू तवाच बोलली व्हतीस बापाला?" वनिताने मान डोलावली. मग आक्काने आपली पिशवी भरली आणि त्याच संध्याकाळी शिरढोणला निघून गेली. शेठनी रिक्षापर्यंत जायचा प्रयत्न केला. तिने हाताने थांबवलं.

मी जिना चढताना शेठची माफी मागितली. त्यांनी पहिल्यांदाच थट्टा केली नाही. "कार्ड चांगला हाय," म्हणाले. "त्यानी काय खोटा नाय सांगितला."

त्यानंतर कॉम्प्युटरवर धवला लागला नाही. कोन गावच्या मांडववाल्याने अंगण झाकलं, भटजी ठरला, हळदीला डीजे ठरला. शेठ गेटाजवळ बसत, पण जिन्यावरच्या पावलांना नावं देणं त्यांनी सोडून दिलं होतं. मी गेलो की वर बघायचे, मग ओळखायचे. आक्का लग्नाला तरी येईल का, हे कुणी विचारत नव्हतं. शेठाणींनी फोन केला तर तिच्या सुनेने सांगितलं, त्या बोलत नाहीत.

लग्नाच्या सकाळी मी पाहुण्यांना पाणी देत होतो. मांडवाबाहेर रिक्षा थांबली आणि आक्का उतरली. नवं हिरवं लुगडं नेसलेली. ती कुणाशी बोलली नाही. सरळ आत आली, रांगोळीच्या चौकापाशी पाटावर बसली आणि भटजींना म्हणाली, "तुमी जरा दम धरा. आमचा व्हऊ दे."

भटजी भला माणूस. सरकून बसला.

आवाज फुटला होता. इतकी वर्षं न वापरलेला, मधेच तुटणारा, श्वास न पुरणारा. कार्डाच्या परीक्षेत तो पहिल्या ओळीला नापास झाला असता. बाया धावत आल्या, हातातलं सोडून, काहीजणी ओल्या केसांनी, आणि पाटाभोवती बसल्या. तिची ओळ जिथे तुटायची तिथून पुढे त्या उचलायच्या. नवरी कोण, तर स्नेहल. बाप कोण, तर शेठ. ते मांडवाच्या खांबाला धरून उभे होते. आक्का एकेक विधी सांगत गेली आणि ज्याचं नाव येईल तो पुढे येत गेला.

मग करवलीची वेळ आली. करवली म्हणजे नवरीच्या मागे पाण्याचा करा आणि दिवा घेऊन उभी राहणारी बहीण. त्यासाठी शेठाणींच्या भावाची मुलगी नटून तयार होती, हे सगळ्यांना माहीत होतं. सोडचिठ्ठी झालेल्या वनिताला तिकडे फिरकू द्यायचं नाही, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण तीच सकाळपासून मागच्या बाजूला जेवणाच्या ताटांपाशी होती.

"करा घेतलेली करवली कोन गो?" आक्काने विचारलं. तिने श्वास घेतला. "करवली आमची वनिता बाय गो."

कुणी झेललं नाही. शेठाणींची वहिनी पुढे वाकली. "आक्का, चुकला गो तुझा. करवली माझी पोर हाय. ठरलेला हाय."

आक्काने तिच्याकडे पाहिलं नाही. तीच ओळ पुन्हा म्हटली, पहिल्यापेक्षा मोठ्याने, आणि 'वनिता'वर तिचा आवाज फाटला.

कोपऱ्यातल्या एका म्हातारीने झेललं. एकटीने. मग तिच्या शेजारणीने. मग सगळ्यांनी. वहिनीचं बोलणं बायांच्या आवाजात बुडून गेलं.

मागच्या बाजूला ताटांचा आवाज थांबला. वनिता पदराला हात पुसत मांडवात आली, वहिनीच्या मुलीसमोर उभी राहिली आणि तिने दोन्ही हात पुढे केले. त्या पोरीने एकदा आईकडे, एकदा आक्काकडे बघितलं, आणि करा तिच्या हातात दिला.